एक अक्षर वाचतं म्हणून: मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,
स. न. वि. वि.

मी तुमच्यातलाच, पण कोपऱ्यातल्या टेबलावरचा. एका मराठी दैनिकात 31 वर्षं मुद्रितशोधक होतो, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. आता आमची जमात जवळजवळ संपली. प्रुफं संगणक तपासतो आणि त्यातून सुटलेलं सकाळी वाचक तपासतात. ते असो.

2009 च्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. गडचिरोलीच्या वार्ताहराची बातमी उशिरा आली. एका गावकऱ्याला रात्री घरातून उचलून नेलं, पोलिसांचा खबरी म्हणून मारलं आणि प्रेताशेजारी चिठ्ठी ठेवली. बातमी दोन कॉलमी लावली. मथळा होता 'नक्षलवाद्यांकडून गावकऱ्याची हत्या'. तो एका ओळीत बसेना. पॉइंट कमी केला तर पान लंगडं दिसायला लागलं. पान सोडायला सात मिनिटं उरली होती आणि डेस्कवरचा नवा पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "नक्षलवादी काढ, माओवादी टाक. एक अक्षर वाचतं." न-क्ष-ल-वा-दी पाच, मा-ओ-वा-दी चार. मथळा बसला, पान सुटलं, आम्ही चहाला गेलो.

पंधरा-वीस दिवसांनी पन्नास पैशांचं एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. मजकूर असा: 'मेलेला माणूस माझ्या तिसरीतल्या एका मुलाचा मामा होता. पोरे विचारतात, गुरुजी, माओ कोण? तो कोणत्या दलममध्ये आहे? मला नीट सांगता आले नाही. आपण रोज छापता, तर एकदा सांगावे.'

दलम म्हणजे जंगलातली हत्यारबंद नक्षलवादी तुकडी. पत्र छापलं गेलं नाही. वाचकांच्या पत्रांच्या ट्रेमधून मी ते उचललं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. उत्तर दिलं नाही, कारण मलाही येत नव्हतं. हजारो वेळा ज्या शब्दाचं शुद्धलेखन तपासलं, तो म्हणजे काय हे मला धड चार वाक्यांत सांगता आलं नसतं. मग वाचायला लागलो. निवृत्तीनंतर वेळच वेळ होता. त्या वाचनातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण तो शब्द आजही तुमच्याच पानांवर सगळ्यात जास्त फिरतो.

आधी शब्दच घेऊ. चीनमध्ये 'माओवाद' असं अधिकृतपणे कोणी म्हणत नाही. तिथल्या पक्षाच्या घटनेत आहे तो 'माओ झेदोंग विचार', आणि तो तिथे आला 1945 साली, येनानमध्ये भरलेल्या सातव्या अधिवेशनात. मार्क्स आणि लेनिन यांच्या नावापुढे 'वाद', माओच्या नावापुढे 'विचार'. त्यांच्या लेखी हा फरक मोठा आहे. वाद म्हणजे साऱ्या जगाला लागू पडणारा सिद्धांत. विचार म्हणजे तो सिद्धांत चीनच्या मातीत कसा पेरायचा याची रीत. 'वाद' हे शेपूट बाहेरच्यांनी जोडलं. पाश्चात्त्य अभ्यासक ते सोयीसाठी वापरायचे. 1980 नंतर पेरूमधल्या 'शायनिंग पाथ' या संघटनेनं ते बिरुदासारखं मिरवलं आणि 'मार्क्सवाद-लेनिनवाद-माओवाद' अशी तीन डब्यांची गाडी तयार केली. आपल्याकडे सप्टेंबर 2004 मध्ये पीपल्स वॉर आणि माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर हे दोन गट एक झाले आणि त्यांनी नाव घेतलं 'भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी)'. म्हणजे आपल्या बातमीतला माओवादी हा एका बंदी घातलेल्या पक्षाचा माणूस. व्याकरणात ते विशेषनामाच्या जवळचं. आपण त्याचं साधं विशेषण करून टाकलं, आणि विशेषण कुणालाही चिकटवता येतं.

आता त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते बघू.

मार्क्सच्या पोथीत क्रांती करणार होता तो कारखान्यातला कामगार. 1921 साली शांघायमध्ये चिनी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला तेव्हा हजर असलेल्या मूठभर प्रतिनिधींमध्ये हुनान प्रांतातल्या शाओशान गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. पक्ष शहरात कामगार शोधत राहिला आणि देश मात्र खेड्यात होता. 1927 च्या सुरुवातीला माओ हुनानमधल्या पाच तालुक्यांत 32 दिवस फिरला आणि त्यानं अहवाल लिहिला. शेतकरी वादळासारखे उठताहेत, त्यांच्या पुढे चालायचं, मागून टीका करायची की आडवं पडायचं ते ठरवा, असा त्याचा सूर होता. 'क्रांती म्हणजे जेवणावळ नव्हे' हे प्रसिद्ध वाक्य याच अहवालातलं. निबंध लिहिणं नव्हे, चित्र काढणं नव्हे, भरतकाम नव्हे, असं ते पुढे जातं. त्याच परिच्छेदात प्रत्येक गावात काही काळ दहशत निर्माण करणं गरजेचं आहे, असंही त्यानं उघड लिहिलंय. जेवणावळीचं वाक्य पुष्कळांना पाठ असतं. दहशतीचं कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रवादी पक्षाचा सेनापती च्यांग कै-शेकनं शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली. शहरातला पक्ष संपल्यात जमा झाला. माओ उरलीसुरली माणसं घेऊन चिंगकांगच्या डोंगरात शिरला आणि तिथे त्याच्या सैन्याला हळूहळू नियम लागले. लोकांची सुई किंवा धाग्याचा तुकडासुद्धा घ्यायचा नाही. उसनं घेतलेलं परत करायचं. आणि एक नियम मला फार आवडतो: झोपायला काढलेली दारं परत चढवायची, अंथरलेला पेंढा जागेवर ठेवायचा. गावात मुक्काम पडला की शिपाई घरांची दारं चौकटीतून उचलायचे आणि त्यांचा पलंग करून झोपायचे. ज्या शेतकऱ्यानं जन्मभर शिपाई म्हणजे लुटारू एवढंच पाहिलं होतं, त्याला सकाळी आपलं दार चौकटीत परत बसलेलं दिसलं. माओच्या बाजूला लोक का गेले, याचं उत्तर मला अंतर्विरोधावरच्या त्याच्या निबंधापेक्षा त्या दारात जास्त सापडतं.

पुढचं थोडक्यात. ऑक्टोबर 1934 मध्ये वेढा फोडून ऐंशी हजारांवर माणसं निघाली, वर्षभर चालली, आणि माओबरोबर वायव्येला पोचली ती दहा हजारांच्या आतच. तिथे येनानमध्ये, डोंगर कोरून केलेल्या गुहांमध्ये, या विचाराला पुस्तकी रूप आलं. खेडी हाती घ्या आणि शहरांना वेढा. शत्रू बलाढ्य असेल तर युद्ध लांबवा: आधी बचाव, मग तुल्यबळ झुंज, मग चढाई. ही 1938 ची मांडणी जपानी आक्रमणासाठी होती हे विसरू नका. परका शत्रू, कोसळलेलं सरकार, अफाट प्रदेश. शिवाय 'जनमार्ग', म्हणजे लोकांकडून विखुरलेल्या कल्पना घ्यायच्या, त्या घडवायच्या आणि लोकांकडेच परत न्यायच्या. कागदावर सुंदर आहे. फक्त मधल्या पायरीवर, घडवताना, कोण बसणार हे पक्ष ठरवणार.

आणि बंदूक. 'राजकीय सत्ता बंदुकीच्या नळीतून जन्माला येते.' हे वाक्य मी किती अग्रलेखांत तपासलं असेल, मोजदाद नाही. नोव्हेंबर 1938 च्या भाषणात त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: पक्षानं बंदुकीवर हुकूम चालवायचा, बंदुकीला पक्षावर हुकूम चालवू द्यायचा नाही. ते मी एकदाही छापलेलं पाहिलं नाही. खरा माओ या दोन वाक्यांच्या जोडीत आहे. चीनचं सैन्य आजही देशाआधी पक्षाला बांधलेलं आहे, ते याच दुसऱ्या वाक्यामुळे.

येनानचं नाव निघालं की सोलापूर आठवायलाच हवं. 1938 साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. चोळकरांना आपण का विसरलो, कोण जाणे. कोटणीस आघाडीवरच्या रुग्णालयात राबले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, पक्षाचे सभासद झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी गेले. सैन्यानं मदतीचा हात गमावला, राष्ट्रानं मित्र गमावला, असं माओनं लिहिलं. दरवर्षी त्यांच्या जयंतीला तुम्ही दोन कॉलम देता, पण ते कुठल्या पक्षाचे सभासद झाले होते ते वाक्य बहुतेक वेळा जागेअभावी उडतं. जागा नेमकी कुठे कमी पडते, ते एकदा बघा.

आता तुमच्या धंद्याशी थेट संबंध असलेला भाग. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

1958 साली माओनं 'मोठी झेप' जाहीर केली. पोलाद उत्पादनात इंग्लंडला मागे टाकायचं होतं, म्हणून गावोगावी मातीच्या भट्ट्या पेटल्या आणि त्यांत कढया, कुलपं, नांगराचे फाळ वितळवले गेले. निघालं ते पुष्कळसं निरुपयोगी लोखंड. घरच्या चुली बंद झाल्या, कम्यूनचं सार्वजनिक जेवणघर आलं. चिमण्या दाणे खातात म्हणून ताटं-डबे बडवून त्यांना हवेत ठेवायचं, दमून खाली पडेपर्यंत. पुढे पिकांवर कीड वाढली. रोपं दाट लावा, जमीन खोल नांगरा, असे हुकूम सुटले.

ऑगस्ट 1958 मध्ये पक्षाच्या मुखपत्रात, पीपल्स डेलीमध्ये, एक छायाचित्र छापून आलं. हुपेइ प्रांतातल्या माचंगमधलं भाताचं शेत, आणि ओंब्यांवर चार मुलं उभी. पीक इतकं दाट की पोरं वर उभी राहिली तरी वाकत नाही! उत्पन्नाचा आकडा दिला होता एका मूला 36,900 चिन. आपल्या मापात मांडलं तर एकरी हजार क्विंटलच्या वर. तुमच्या गावाकडच्या कुठल्याही भातशेतकऱ्याला हा आकडा ऐकवा, तो तुमची तब्येत विचारेल. इतर शेतांतलं पिकलेलं भात उपटून एका शेतात कोंबलं होतं. पोरांच्या पायाखाली बाक होता.

बातमी खोटी होती, एवढ्यावर ते थांबलं नाही. त्या आकड्यांवर सरकारी धान्यवसुली ठरली. जिथे पिकलंच नव्हतं तिथून धान्य मागितलं गेलं, आणि दिलं नाही तर लपवलंय म्हणून मारहाण झाली. हनान प्रांतातल्या शिनयांग भागात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. सरकारी कोठारांत धान्य होतं. मदत मागणारी हजारो पत्रं टपाल खात्यानं बाहेर जाऊ दिली नाहीत. हे वाचलं त्या रात्री मी ड्रॉवर उघडून ते पोस्टकार्ड पुन्हा बाहेर काढलं.

संरक्षणमंत्री पंग तहुआई यानं जुलै 1959 मध्ये लुशान इथल्या बैठकीदरम्यान माओला एक पत्र लिहिलं. खाजगी, आदबशीर, चुका दाखवणारं. माओनं ते छापून सगळ्या प्रतिनिधींना वाटलं आणि पत्र लिहिणाऱ्यालाच उजवा, पक्षविरोधी ठरवलं. त्यानंतर खरं बोलायची कुणाची छाती झाली नाही आणि 1960 हे सगळ्यात वाईट वर्ष ठरलं. 1959 ते 1961 या काळात किती मेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. ल्यू शाओचीनं 1962 च्या सभेत गावकऱ्यांचं म्हणणं सांगितलं: तीन भाग निसर्गाचा कोप, सात भाग माणसाची करणी. हाच ल्यू पुढे राष्ट्राध्यक्ष असताना अपमानित झाला आणि 1969 साली कैदेत मेला. त्याचं दहन खोट्या नावानं केलं गेलं.

अमर्त्य सेन यांनी हेच उदाहरण घेऊन सांगितलंय की जिथे वर्तमानपत्रं मोकळी असतात आणि निवडणुका होतात तिथे असा भूकबळींचा डोंगर उभा राहू शकत नाही. आपल्या 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला, हाल झाले. पण बातम्या छापून आल्या, सभागृहात गोंधळ झाला आणि कामं निघाली. सेन यांचं दुसरं म्हणणं मात्र आपण सोयीनं गाळतो. दुष्काळ नसतानाच्या रोजच्या मरणात, कुपोषणात, बालमृत्यूंत त्याच माओच्या चीननं आपल्याला पार मागे टाकलं होतं. 1949 साली चाळिशीच्याही आत असलेलं सरासरी आयुर्मान माओ मेला तेव्हा साठीच्या पुढे गेलं होतं. काही महिन्यांचं शिक्षण घेतलेले 'अनवाणी डॉक्टर' गावोगावी लस टोचत होते. 1950 च्या विवाह कायद्यानं मुलींची सक्तीची लग्नं बंद केली. हे खरं आहे आणि शिनयांगही खरं आहे. दोन्ही एका कॉलमात बसवायला त्रास होतो, पण त्यासाठीच तर संपादक असतो ना?

सांस्कृतिक क्रांतीवर फार लिहीत नाही. ती तुम्हाला थोडीफार ठाऊक असते. क्रांतीनंतरही पक्षात नवे भांडवलदार जन्मतात, म्हणून क्रांती चालूच ठेवली पाहिजे, हा तिचा गाभा. माओचा सगळ्यात स्वतःचा म्हणावा असा विचार हाच. 5 ऑगस्ट 1966 रोजी त्यानं 'मुख्यालयावर तोफा डागा' हे भित्तिपत्र लिहिलं आणि त्याच दिवशी पेकिंगमधल्या एका मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी आपल्या उपमुख्याध्यापिकेला मारून टाकलं. माओचं छायाचित्र असलेला वर्तमानपत्राचा कागद चुकून मळला, तरी माणूस प्रतिक्रांतिकारक ठरायचा. मी अशा ठिकाणी मुद्रितशोधक असतो तर माझं काय झालं असतं, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

हा विचार चीनबाहेर गेला तो मात्र फार वेगवेगळ्या पोशाखांत. अमेरिकेत ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेतले लोक सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून माओच्या वचनांची लाल पुस्तकं आणून विद्यार्थ्यांना विकायचे, त्या पैशांत बंदुका घ्यायचे. कंबोडियात पोल पोटनं शहरंच रिकामी केली. पेरूत तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकानं 1980 मध्ये मतपेट्या जाळून युद्ध सुरू केलं. तिथल्या सत्यशोधन आयोगानं पुढे मृतांचा अंदाज 69 हजारांच्या घरात दिला, त्यातले सर्वाधिक त्याच्या 'शायनिंग पाथ'नं मारलेले, आणि मेलेले बहुतेक डोंगरातले आदिवासी शेतकरी. नेपाळात दहा वर्षांचं युद्ध झालं, मग तेच लोक 2008 साली मतपेटीतून सर्वांत मोठा पक्ष म्हणून आले आणि राजेशाही गेली. त्या युद्धात चीन कुणाच्या बाजूनं होता? राजाच्या. 2005 मध्ये राजाला शस्त्रं पाठवली आणि बंडखोरांना 'माओवादी' म्हणायलाही नकार दिला. आमच्या नेत्याचं नाव बदनाम होतं, म्हणे.

नक्षलबारीचंही असंच. पश्चिम बंगालमधल्या याच गावावरून 'नक्षलवादी' हा शब्द आला. मे 1967 मध्ये तिथे गोळीबार झाला आणि 5 जुलैला पीपल्स डेलीनं लिहिलं, 'भारतावर वसंतातली मेघगर्जना'. ज्या पत्रानं भातावर पोरं उभी केली होती तेच हे पत्र. इकडे नक्षलवादी चळवळीचे पुढारी चारू मुजुमदार यांच्या अनुयायांनी कोलकात्याच्या भिंतींवर लिहिलं, 'चीनचा अध्यक्ष आमचा अध्यक्ष'. 1970 साली त्यांचा एक नेता पेकिंगला गेला तेव्हा चीनचा पंतप्रधान चौ एन-लायनं त्याला सुनावलं की ही घोषणा चूक आहे, एका देशाच्या पक्षाचा नेता दुसऱ्या देशाच्या पक्षाचा नेता कसा होईल? भिंतीवरचा रंग तोवर वाळला होता.

आता गडचिरोली. 1980 च्या सुमारास दलमं नदी ओलांडून सिरोंचा-अहेरीकडे आली तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. जंगल खात्याचा माणूस कोंबडी उचलून न्यायचा, तेंदूपत्त्याच्या पुड्याला ठेकेदार देईल तो भाव, बांबू तोडणाऱ्याला मिळेल ती मजुरी. दलमनं भाव वाढवून दिले. इथवर ती 'दार परत चढवण्याची' गोष्ट आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे काय झालं? भारत अजून अर्धा सरंजामी, अर्धा वसाहती आहे, हे 1930 च्या दशकातल्या चीनचं निदान त्यांनी जशाच्या तसं उचललं आणि सोडलंच नाही. इथे मतदान होतं, राशनचं दुकान होतं, न्यायालय होतं, मोडकं का असेना. लोक वापरत होते. दीर्घकालीन युद्धाची पहिलीच पायरी चार दशकं चालली. आणि माओचं ते दुसरं वाक्य उलटं झालं. बंदूक पक्षाला हाकायला लागली. जनअदालती, खबरी म्हणून मारलेली माणसं, प्रेताजवळच्या चिठ्ठ्या. मेलेले गावकरी आदिवासी, मेलेले पोलीस पुष्कळदा त्याच जिल्ह्यातले, मेलेले दलमवालेही बहुतेक आदिवासी. माझ्या त्या मथळ्यानंतर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले.

मे 2025 मध्ये या पक्षाचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडच्या अबुझमाडात मारला गेला आणि ऑक्टोबरमध्ये भूपती नावानं वावरणाऱ्या पॉलिट ब्युरोच्या सभासदानं 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. तुम्ही त्या दिवशी मोठे मथळे दिलेत. बरोबरच केलंत. पण त्या मथळ्यांखाली हा विचार नेमका कुठे फसला, हे सांगणारा मजकूर मी शोधत होतो. बहुतेक ठिकाणी हार, छायाचित्र आणि बक्षिसाच्या रकमा होत्या.

माणसं संपत आली तरी शब्द मात्र फोफावतोय. जुलै 2025 मध्ये विधिमंडळात कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं, तेव्हाची तुमची पानं काढून बघा. माओवादी, नक्षलवादी, शहरी नक्षल, कडवे डावे, डावे, आंदोलक हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी बसवलेले आढळतील, जणू समानार्थी शब्दांचा धडा चाललाय. वसतिगृहातल्या जेवणाविरुद्ध बसलेली मुलं, खाणीला ग्रामसभेत विरोध करणारी बाई, गांधी टोपी घातलेला म्हातारा समाजवादी, सगळे एका मापात. दुसऱ्या टोकाला माओचं चित्र असलेला टीशर्ट घालून फिरणारा पुण्यातला तरुण आहे. त्याला शिनयांग कुठे आहे ते माहीत नसतं. त्यालाही दोष तुमचाच देतो, कारण त्यानं ते वाचावं असं तुम्ही कधी छापलं नाही.

चीनमध्ये खुद्द माओला मनावर घेणाऱ्यांचं काय होतं, तेही ऐका. 2018 च्या उन्हाळ्यात शेनचेनमधल्या एका कारखान्याच्या कामगारांनी स्वतःची युनियन काढायचा प्रयत्न केला. पेकिंग विद्यापीठातली आणि इतर ठिकाणची मार्क्सवादी मंडळांतली मुलं त्यांच्या मदतीला धावली. ऑगस्टमध्ये पोलिसांनी धाड घालून त्यांतल्या कित्येकांना उचललं. 26 डिसेंबरला माओची 125 वी जयंती होती. त्या दिवशी पेकिंग विद्यापीठाच्या मार्क्सवादी मंडळाचा अध्यक्ष जयंतीच्या कार्यक्रमाला निघाला आणि वाटेतच पोलिसांनी त्याला गाडीत घातलं. आणि त्या शहरात चालणाऱ्या युआनच्या नोटांवर माओच छापलेला आहे.

मागणं फार नाही. 'माओवादी' हा शब्द त्या पक्षाच्या माणसापुरता ठेवा, तोही पोलिसांनी तसं म्हटलं असेल तर 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे शब्द न गाळता. बाकीच्यांच्या बाबतीत त्यानं काय केलं ते लिहा: मोर्चा काढला, दगड मारला, पत्रक वाटलं, खून केला. ही चारही क्रियापदं मराठीत उत्तम चालतात आणि जागाही फार घेत नाहीत. बंदुकीचं वाक्य छापलंत तर पुढचंही छापा. आणि तुमच्या डेस्कवर शैलीपुस्तिका असेल तर नाव एकदा ठरवून टाका. एकाच अंकात माओ त्से तुंग, माओ झेडाँग आणि माओ झेदोंग अशी तीन माणसं मी दुरुस्त केलेली आहेत.

त्या गुरुजींचं पोस्टकार्ड समोर आहे. गावाचं नाव टपालाच्या शिक्क्याखाली गेलंय, तालुका तेवढा वाचता येतो. तिसरीतला तो मुलगा आता पंचविशीचा असेल. पोस्टकार्डावर मावेल एवढं उत्तर मी लिहून ठेवलंय, ते तुमच्यापैकी कुणीतरी छापावं, म्हणजे कदाचित पोचेल:

'गुरुजी, माओ हा चीनचा पुढारी. 1976 साली वारला. तो कोणत्याही दलममध्ये नव्हता. त्या रात्री मथळ्यात त्याचे नाव मी घातले, कारण जागा कमी होती.'

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक